मनीचे शेपूट काय सांगते?



बैलबाजारात गेलेला आपला शेतकरी बैलाला हात लावण्याआधी चार पावले लांब उभा राहतो. कान कसे आहेत, शेपटाचा गोंडा कसा हलतो, डोळा कसा फिरतो, पुढचा पाय माती उकरतो का, हे सारे तो न बोलता पाहून घेतो. मगच खांद्यावर थाप मारतो. मारका बैल त्याला लांबूनच ओळखू येतो. गाय पान्हा चोरते आहे, म्हैस माजावर आली आहे, शेळीचे पोट फुगले आहे, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण त्याच शेतकऱ्याला, दिवसभर पायात घोटाळणाऱ्या घरच्या मांजराची भाषा विचारा. तो म्हणेल, "मांजर ते मांजर! त्याची कसली आली भाषा?"

मीही त्यातलाच. शेतकी महाविद्यालयातून पदवी घेतली, पुढे सारी नोकरी गावोगाव हिंडण्यात गेली. गाईगुरांची नाडी थोडीफार कळू लागली. मांजराची भाषा मात्र पन्नाशी उलटल्यावर शिकलो, आणि त्या शिकवणीची किंमत एका सात वर्षांच्या मुलीने मोजली. ती हकीकत सांगताना मला संकोच वाटतो, कारण चूक माझी होती. पण लहान मूल आणि मांजर ही जोडी आपल्या बहुतेक घरांत आहे, म्हणून सांगितलेच पाहिजे.

ओसरीवर घडलेली गोष्ट

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातले एक गाव. फाल्गुनाचे दिवस. ज्वारीची मळणी उरकून पोती घरात आली होती. या भागातली मालदांडी ज्वारी नामांकित. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. असे मोलाचे धान्य वर्षभर उंदरांपासून कसे राखावे, हे सांगायला मी गेलो होतो. बैठक एका जुन्या माळवदाच्या घराच्या ओसरीवर भरली होती. घरचे आबा सत्तरी ओलांडलेले. त्यांचा मुलगा, सूनबाई, आजी, शेजारची आठ-दहा माणसे, आणि एका कोपऱ्यात आबांची नात. सगळे तिला छकुली म्हणत. तिच्या मांडीवर घरची मांजरी होती, मनी.

"साहेब, तुमी औषधं सांगताय ती ठीक," आबा म्हणाले, "पर आमच्या घरात ही मनी हाय. दोन वर्सं झाली, पोत्याला भोक न्हाई पडलं."

मी म्हटले, "आबा, मनीसारखा रखवालदार नाही. पण नुसत्या मनीवर भिस्त ठेवू नका, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून लांब ठेवा." असे माझे बोलणे चालले होते.

इकडे छकुली मनीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मानेपासून थेट शेपटाच्या बुडापर्यंत, पुन्हा पुन्हा, न थांबता. आधी मनी डोळे मिटून घुरघुरत होती. थोड्या वेळाने तिची घुरघुर थांबली. शेपटाचे टोक हलू लागले, मग सगळे शेपूटच डावीकडे-उजवीकडे फटफट आपटू लागले. पोरीला मौज वाटली. ती म्हणाली, "साहेब, बघा की, मनी शेपूट हलवतीया!"

आणि मी, पदवीधर माणूस, हसत म्हणालो, "खूष झालीय तुझ्यावर. कुरवाळ अजून!"

पोरीला हुरूप आला. तिने मनीला मांडीवर उताणी केली आणि पोटावर हात फिरवला. क्षणात मनीने पुढच्या दोन्ही पायांनी तिचे मनगट आवळले, मागच्या पायांनी ओरबाडले, अंगठ्याखाली दात रोवले आणि उडी मारून ती पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसली.

छकुली रडली नाही. तिने हात परकराच्या घोळात लपवला आणि "काय न्हाई झालं, काय न्हाई झालं" असे म्हणत राहिली. परकरावर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा सगळे धावले. मनीला मार बसेल, या भीतीने ती लपवत होती.

मग जे व्हायचे तेच झाले. आजीने केरसुणी उचलली. "जिच्या हातनं भाकरीदूध खातीस तिलाच चावतीस?" आबांचा मुलगा म्हणाला, "आजच हिला पोत्यात घालून माण नदीच्या पल्याड सोडून येतो." शेजारच्या एका काकांनी हळद आणि तिखट मागवले. दुसरे म्हणाले, "कुत्रं चावल्यावर सुई. मांजराला काय इख असतंय?"

मी मात्र मनातून चरकलो होतो. मनी पुरेपूर इशारे देत होती. ते मी पाहिले होते, आणि उलटे वाचून पोरीला सांगितले होते.

आधी साबण, मग दवाखाना

एवढे मात्र मला ठाऊक होते, की मांजराच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो. आपल्या देशात हा रोग बहुतेक वेळा कुत्र्यापासून होतो हे खरे. पण पिसाळलेल्या कुत्र्याने मांजराला चावले, तर ते मांजरही पिसाळते. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर मात्र रोग टळतो. म्हणून इथे चालढकल नाही.

तिखट बाजूला ठेवायला लावले. सूनबाईंनी छकुलीचा हात नळाच्या धारेखाली धरला आणि अंगाच्या साबणाने जखम धुवायला सुरुवात केली. मी घड्याळ लावून बसलो. पंधरा मिनिटे. ही पंधरा मिनिटे फार लांब वाटतात. दोन मिनिटांतच "झालं की आता" असे कुणीतरी म्हणते. पण जखमेतले रोगजंतू धुऊन काढण्याचे काम साबण आणि वाहते पाणीच करते. हळद, तिखट, चुना, राख, तेल यांनी ते होत नाही. उलट जखम चिघळते.

मग मोटारसायकलवरून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. तिथल्या डॉक्टरांनी जखम पाहिली. रक्त आले होते, म्हणून लसीबरोबर जखमेत व जखमेभोवती टोचायचे वेगळे औषधही लागेल असे सांगितले आणि त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवले. धनुर्वाताचे इंजेक्शनही झाले. लसीची तारीखवार चिठ्ठी मिळाली. पहिले इंजेक्शन त्याच दिवशी. तो दिवस शून्य धरायचा आणि पुढची तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. ती दंडात कातडीमध्ये टोचतात. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची जुनी पद्धत केव्हाच बंद झाली आहे. त्या धास्तीने कुणी दवाखाना टाळू नये. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली. "मांजर घरचे आहे ना? मग त्याला सोडून देऊ नका, मारू तर नकाच. दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. खाते-पिते का, वागण्यात फरक पडतो का, मरते का, ते बघा आणि आम्हाला सांगा." चावण्याच्या वेळी कुत्र्या-मांजराच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतील, तर ते जनावर दहा दिवसांत आजारी पडते किंवा मरते. म्हणून ही मुदत. लस मात्र दहा दिवस वाट न पाहता लगेच सुरू करायची.

म्हणजे आबांच्या मुलाने रागाच्या भरात मनीला नदीपलीकडे सोडले असते, तर आपणच आपला पुरावा हरवून बसलो असतो. मी हे सांगितल्यावर तो गप्प झाला. मनीचे पोते दहा दिवसांपुरते तरी टळले.

कुत्र्याचे व्याकरण मांजराला

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथले पशुधन विकास अधिकारी माझे जुने स्नेही. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "साहेब, तुम्ही कुत्र्याचे व्याकरण मांजराला लावलेत. कुत्रे आनंदाने शेपूट हलवते. मांजराने शेपूट आपटले, तर ते म्हणत असते, आता पुरे."

मग त्यांनी तासभर बसवून मला जे समजावले, त्यातले महत्त्वाचे असे.

कुत्रे कळपाने राहणाऱ्या प्राण्याच्या वंशातले. त्याला अंगचटीला येणे आवडते. गाय-बैलही कळपातलेच. गळ्याखालच्या पोळीला खाजवले की गाय मान लांब करून उभी राहते. मांजराचे पूर्वज मात्र एकट्याने शिकार करणारे रानमांजर. माणसाने शेती सुरू केली, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आपली आणि मांजराची सोयरीक मुळात धान्याच्या कोठारावर जुळली. बैलाला आपण वेसण घालून वळवले. मांजर स्वतःहून आले आणि स्वतःच्या मर्जीने राहिले. म्हणून हात लावण्याच्या बाबतीतही ते मर्जी राखून असते.

शिवाय ते शिकारी असले तरी देहाने लहान. कुत्रे, घुबड, कोल्हा यांच्यापासून त्याला जीव राखावा लागतो. पोट ही त्याची सर्वांत नाजूक जागा. पाय धरले तर पळता येत नाही. त्यामुळे पोटाला किंवा पायाला हात लागला, की बहुतेक मांजरांना आपण सापळ्यात सापडलो असे वाटते.

खूष असलेले मांजर कसे ओळखावे?

मांजर आपल्याकडे येताना शेपूट ताठ उभे असेल, टोकाला थोडा बाक असेल, तर ते रामराम घालत आले आहे असे समजावे. ते गाल आणि हनुवटी आपल्या पायावर घासते. गाल, हनुवटी आणि कानाच्या बुडाशी त्याच्या गंधाच्या ग्रंथी असतात. घासून ते आपल्याला त्याच्या ओळखीचा वास लावते.

कुरवाळताना सुख वाटत असेल तर कान पुढे व सैल असतात, डोळे अर्धे मिटतात, अंग ढिले पडते. काही मांजरे पुढचे पाय आळीपाळीने दाबतात, जणू पीठ मळतात. पिल्लू आईचे दूध पिताना असेच करते, तीच सवय राहते. सर्वांत मोठी खूण म्हणजे आपण हात थांबवला तर मांजर स्वतः डोके हाताला लावते.

घुरघुर ही सहसा समाधानाची खूण. पण तेवढ्यावर विसंबू नये. आजारी, जखमी किंवा वीत असलेली मांजरीही घुरघुरते. घुरघुरीबरोबर बाकीचे अंग काय सांगते, ते पाहावे.

लांबून पाहणाऱ्या मांजराकडे टक लावून बघू नये. आपण डोळे सावकाश मिटावे, सावकाश उघडावे. पुष्कळ मांजरे तसेच उत्तर देतात आणि जवळ येतात. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली हे प्रयोगाने दाखवून दिले आहे. मी घरी करून पाहिले. आमच्या गल्लीतला आडदांड बोकाही डोळे मिटून उत्तर देतो.

"आता पुरे" हे मांजर कसे सांगते?

मांजर एकाएकी चावले असे आपण म्हणतो. पण ते बहुधा एकाएकी चावत नाही. आधी हळू सांगते, मग मोठ्याने सांगते, आणि कुणी ऐकत नाही असे दिसले की दात वापरते. त्याचे सांगणे साधारण या क्रमाने चढत जाते.

१. घुरघुर थांबते. डोके दुसरीकडे वळवते, किंवा अंग हाताखालून किंचित खाली दबवते.

२. नाकावरून जीभ फिरवते, डोके झटकते, किंवा मध्येच घाईघाईने आपलेच अंग चाटू लागते.

३. पाठीची कातडी थरथरते. माशी बसल्यावर बैलाची कातडी हलते, तशी.

४. शेपटाचे टोक हलू लागते. मग सबंध शेपूट फटफट आपटते.

५. कान बाजूला वळतात किंवा मागे चपटे होतात. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. अंग ताठरते. मान गर्रकन हाताकडे वळते.

६. शेवटी फिसकारणे, गुरगुरणे, पंजा मारणे आणि चावा.

सगळ्या खुणा दर वेळी दिसतीलच असे नाही, आणि क्रमही मागेपुढे होतो. काही मांजरे दोन-तीन पायऱ्या गाळून थेट पंजावर येतात. ज्यांचे पहिले इशारे घरात कधीच कुणी ऐकले नाहीत, ती मांजरे हळू सांगायचे सोडून देतात. म्हणून पहिल्या किंवा दुसऱ्या खुणेलाच हात मागे घ्यावा. मनीने त्या दिवशी पहिली आणि चौथी खूण आम्हा दहा माणसांसमोर दिली होती.

उताणे होऊन पोट दाखवणे याबद्दलही गैरसमज आहे. मांजर तुमच्यासमोर लोळून पोट दाखवते, याचा अर्थ त्याचा तुमच्यावर विश्वास आहे. पोटाला हात लावा, असे ते म्हणत नाही. पाहुणा आपल्या घरी निर्धास्त झोपला, म्हणून आपण त्याच्या खिशात हात घालत नाही, तसेच हे.

हात कुठे लावावा, कसा लावावा?

हनुवटीखाली, गालांवर आणि कानांच्या बुडाशी बोटांनी हळू खाजवलेले बहुतेक मांजरांना आवडते. पाठीवरून हात फिरवला तर काही चालवून घेतात. पोट, पाय, शेपूट आणि शेपटाचे बूड टाळावे. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शेपटाच्या बुडापाशी हात फिरवल्यावर मांजरांच्या नाराजीच्या खुणा सर्वांत जास्त दिसल्या. छकुलीचा हात नेमका तिथेच पुन्हा पुन्हा जात होता.

आमच्या पशुवैद्य स्नेह्यांनी मुलांसाठी सोपी रीत सांगितली. मी ती आता प्रत्येक गावात सांगतो.

पहिले, मांजराला बोलवावे, धरून आणू नये. जमिनीवर बसावे. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर लांबूनच धरावे. ते येऊन हुंगेल. गाल घासला तर होकार, तोंड फिरवून गेले तर नकार. नकार आला तर मागे लागू नये.

दुसरे, गालावर किंवा हनुवटीखाली हात फिरवताना मनात पाच अंक मोजावेत आणि थांबावे. मांजराने डोके पुन्हा हाताला लावले तर आणखी पाच. नाही लावले तर खेळ संपला.

तिसरे, मांजराला मिठी मारू नये, मांडीवर दाबून ठेवू नये. त्याला निघून जायची वाट नेहमी मोकळी असावी. ज्याला जाता येते त्याला चावावे लागत नाही.

चौथे, जेवताना, झोपेत आणि पिल्ले जवळ असताना मांजराला हात लावू नये.

पाचवे, हाताची बोटे नाचवून पिल्लाशी खेळू नये. लहानपणी ते गोड वाटते. पण हात म्हणजे शिकार, हे पिल्लू शिकते आणि मोठे झाल्यावर विसरत नाही. खेळायला सुतळीला बांधलेली चिंधी द्यावी, आणि खेळ झाला की सुतळी उचलून ठेवावी, नाहीतर मांजर ती गिळते.

आणि मांजराने हात पकडलाच, तर हिसका देऊ नये. हिसका दिला की ते आणखी घट्ट धरते आणि कातडी फाटते. हात ढिला सोडून क्षणभर स्थिर राहावे. पकड सुटली की सावकाश काढून घ्यावा. मग मांजराला मारू नये. मारल्याने त्याला एवढेच कळते की हात ही वाईट वस्तू आहे.

या साध्या गोष्टींचा उपयोग होतो का? इंग्लंडमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या २०२१ सालच्या अभ्यासात काही माणसांना अशाच थोड्या सूचना देऊन मांजरांपाशी सोडले. सूचना पाळल्यावर तीच मांजरे अधिक लाडाने वागली आणि त्यांचा रागीटपणा घटला.

गरीब मांजर अचानक चिडू लागले तर?

वर्षानुवर्षे शांत असलेले मांजर एकदम हात लावू देईनासे झाले, तर आधी दुखणे शोधावे. बोक्यांच्या मारामारीत दाताची बारीक जखम होते, वरून भरते आणि आत पू साठतो. तिथे हात लागला की मांजर चावणारच. कानातली खरूज, दातांचे दुखणे, मुका मार यांनीही असे होते. पशुवैद्यकाला दाखवावे. माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नये. आपण तापावर घेतो ती पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. एक गोळीही जिवावर बेतते.

आवाज बदलला, लाळ गळते, मांजर अंधारात दडून बसते किंवा समोर येईल त्यावर धावून जाते, असे दिसले तर मात्र हात न लावता लांब राहावे, मुलांना आत घ्यावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

घरच्या मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी पुन्हा टोचावी. बैलांना लस टोचायला आपण चुकत नाही, मग जे मांजर पोरांच्या अंथरुणात झोपते त्याला का विसरावे? लस टोचलेले मांजर चावले तरी जखम धुऊन डॉक्टरांना दाखवायचेच. मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम बाहेरून बारीक दिसते, पण घाण खोलवर जाते आणि एका दिवसात हात सुजू शकतो.

घरात उंदरांसाठी विषारी आमिष ठेवणार असाल, तर ते मांजराच्या व मुलांच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवावे आणि मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तुमचा रखवालदारच जायचा.

अकराव्या दिवशी

दहा दिवस मी रोज आबांच्या घरी फोन करत होतो. "मनी खाते का?" हा पहिला प्रश्न. "खातीया, कालच एक घूस मारली," असे उत्तर आले की मला जेवण जाई. अकराव्या दिवशी मी स्वतः गेलो.

मनी उंबऱ्यावर ऊन खात बसली होती. छकुलीच्या अंगठ्याखाली दोन बारीक खुणा उरल्या होत्या. तीन इंजेक्शने झाली होती, चौथे राहिले होते. (तेही पुढे वेळेवर झाले.) मी ओसरीवर तिच्याशेजारी बसलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "छकुली, त्या दिवशी चूक माझी होती. मनी पुरे म्हणत होती आणि मी तुला उलटं सांगितलं. तुझी चूक नव्हती आणि मनीचीही नव्हती."

पोरगी जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग मनीला नदीपल्याड न्हाई ना सोडायचं?"

तिने आजीकडे पाहिले. आजी म्हणाल्या, "न्हाई गं बाई. आता तिला तरी कुठं कळतंय आमची भाषा. आमीच तिची शिकतो."

मी छकुलीला बोट पुढे धरायचे शिकवले. मनीने लांबूनच हुंगले, पुढे आली, गाल घासला. छकुलीने हनुवटीखाली खाजवत मोठ्याने मोजले, "एक, दोन, तीन, चार, पाच," आणि हात उचलला. मनीने डोके वर करून हाताला लावले. पुन्हा पाच. पुन्हा डोके. तिसऱ्या वेळी मनीने तोंड वळवले आणि शेपटाचे टोक जरासे हलले. मी काही बोलण्याआधीच पोरीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बास म्हणतीया," ती म्हणाली.

आबांचा मुलगा दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "साहेब, आमच्या खिलाऱ्याचं शेपूट आमाला कळतंय, पर ह्या मांजराकडं कधी असं बघितलंच न्हाई."

बंधू-भगिनींनो, सांगायचे तात्पर्य एवढेच. आज संध्याकाळी जेवणे झाल्यावर मुलांना जवळ बसवा आणि आपल्या मांजराकडे पाच मिनिटे नुसते बघायला सांगा. कान कुठे आहेत, शेपूट काय करते, कुठे खाजवले तर डोळे मिटते, हे त्यांनाच शोधू द्या. आणि मुलांना एक गोष्ट मायेने सांगून ठेवा. कुत्रे असो, मांजर असो, चावले किंवा ओरबाडले तर लपवायचे नाही. कुणी रागावणार नाही, आणि मनीलाही कुणी मारणार नाही. हा भरवसा मुलाला असेल, तरच ते परकरात हात न लपवता धावत आपल्याकडे येईल.